जावईबापू आणि कंट्रोलची दाढी

“कडू लागतंय का?” सेफ्टीवाल्या मॅडमनी विचारलं.

“छे!” दाढीकाका म्हणाले, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“मग रडताय कशाला?”

“रडतोय कुठं? भारावून गेलोय. आमच्या जिवाची किती काळजी करता तुम्ही!”

काका खुर्चीत ताठ बसले होते. नाकातोंडावर रबरी मास्क आणि त्यावरून खांद्यापर्यंत येणारं एक पारदर्शक टोपडं. टोपड्याला पुढून एक भोक होतं आणि त्यातून मॅडम मन लावून कडू पाण्याचा फवारा मारत होत्या. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला असेल तर आतल्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. काकांना मात्र दुनियेतलं सगळं कडू एकदम कळत होतं. कारण मास्क आणि गाल यांच्या मध्ये त्यांची ती सुप्रसिद्ध दाढी होती, आणि मधल्या सुट्टीत पोरं फाटकातून पळतात तशी हवा तिच्यातून बिनधास्त आतबाहेर करत होती.

मॅडमनी फवारा खाली ठेवला. “काका, नापास.”

“फेरपरीक्षा?”

“घेते की. दाढी काढून या, लगेच घेते. तुमचे नवे रेणू फार जहाल आहेत. चिमूटभर पूड नाकात गेली तरी महागात पडेल. मास्क बसत नसेल तर तुम्हाला कामाच्या टेबलाशी उभं राहू देणार नाही मी. माझ्या ऑफिसात मात्र एक खुर्ची रिकामी आहे. फॉर्म भरायला माणूस हवाच आहे मला.”

फॉर्म! एखाद्या शिंप्याला सांगावं की उद्यापासून तू फक्त बिलं फाड, तसंच झालं हे.

आता ही दाढी काही साधीसुधी नव्हती, हे सांगायलाच हवं. दाढीकाका औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनं बनवायचे. औषध शोधणं म्हणजे काय, तर रोग माजवणारं एक प्रथिन असतं आणि त्याला असते एक खाच, कुलपाला असते तशी. त्या खाचेत चपखल बसेल असा रेणू बनवायचा. पहिला बसत नाही. मग त्याचं एक टोक बदलायचं, नवा रेणू बनवायचा, वरच्या मजल्यावर तपासायला पाठवायचा, तो नापास होऊन परत आला की दुसरं टोक बदलायचं. आणि एका वेळी एकच बदल, हं! दोन गोष्टी बदलल्या तर कशामुळे सुधारणा झाली ते कळणार कसं? ही सवय काकांच्या इतकी हाडीमांसी भिनली होती की घरी चहा बिघडला तर ते पुढच्या कपात फक्त साखर बदलायचे, त्याच्या पुढच्या कपात फक्त दूध. फक्कड चहा तयार व्हायचा, पण तोवर पाहुणे आपापल्या घरी जाऊन झोपलेले असायचे.

तर, बनवलेला रेणू बऱ्याचदा हट्टीपणा करायचा. छान पांढरेशुभ्र स्फटिक होऊन बसायचं सोडून फ्लास्कच्या तळाशी मधासारखा चिकट लोळत पडायचा. मग हाक जायची, “काका!” काका यायचे. स्टूल ओढायचे. टेबलावर कोपरं टेकून फ्लास्कवर ओणवे व्हायचे आणि दाढी कुरवाळत गप्प बसायचे. कुणी जवळ आलं तर डोळे वटारायचे. आणि थोड्या वेळानं काय चमत्कार! तळाशी एक पांढरा ठिपका. मग त्याला फुटलेली एक सुई, मग दुसरी, आणि बघता बघता अख्खा फ्लास्क स्फटिकांनी भरून जायचा.

सगळ्यांचं ठाम मत होतं की ही दाढीची करामत आहे. इतक्या वर्षांत किती रसायनांची धूळ तिच्यात साठली असेल! दुधाला विरजण लागतं तसं चिकट द्रावाला स्फटिकाचा एखादा कण लागतो. दाढीतून तो कण टपकतो आणि काम फत्ते.

“दाढी नव्हे रे, अनुभव! अनुभव म्हणतात याला!” काका छाती फुगवून सांगायचे. पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात त्यांनाही खात्री नव्हती. आरशासमोर उभे राहिले की ते कधीकधी दाढीकडे बघायचे आणि विचारायचे, तू की मी?

दाढीनं कधी उत्तर दिलं नाही.

आणि नेमका आत्ताच त्यांच्या गटाच्या गळ्यात पडला होता जावईबापू. हे त्या नव्या रेणूचं टोपणनाव. कितीही मिनतवाऱ्या करा, रुसून बसणार, जागचा हलणार नाही, आणि तरी सगळ्यांनी त्याच्या पुढेपुढे करायचं! गुण मात्र सोन्यासारखे. पेशीवाल्या बाई वरच्या मजल्यावर आजारी पेशींवर सगळ्यांची रसायनं तपासायच्या आणि बहुतेकांना नाक मुरडायच्या. त्यांनी जावईबापूचा एक थेंब टाकला आणि माजलेल्या पेशी एकदम चिडीचूप. बाई चक्क जिना उतरून खाली आल्या आणि म्हणाल्या, “बरा आहे.” बाईंचं ‘बरा आहे’ म्हणजे इतरांची टाळ्यांची आतषबाजी.

अडचण एकच होती. या रेणूची दोन रूपं असतात, उजव्या आणि डाव्या हातमोज्यासारखी. दिसायला सारखी, पण एक बसतं तिथे दुसरं बसत नाही. आपल्या फ्लास्कात कोणतं आहे ते सिद्ध करायचं तर स्फटिक हवा. तो क्ष-किरणांपुढे धरला की आतला एकूण एक अणू कुठं बसलाय ते दिसतं. मधासारख्या चिकट गोळ्याचं असलं चित्र निघत नाही. आणि शुक्रवारी डायरेक्टर साहेबांची बैठक होती. पुरावा असेल तर जावईबापू पुढच्या चाचण्यांना जाणार. नसेल तर तो कायमचा फ्रीजमध्ये, काकांच्या गटाची दोन वर्षांची मेहनत त्याच्यासोबत, आणि शेजारच्या गटाचा रेणू पुढे.

म्हणजे दाढी ठेवावी तर टेबल जातं, आणि दाढी काढावी तर जावईबापू जातो. काका सलूनच्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा ऑपरेशनला आल्यासारखा झाला होता.

“पूर्ण काढू?” सलूनवाल्यानं विचारलं.

“विचारू नकोस. काढ आणि मोकळा हो.”

घरी आल्यावर मुलीनं दार उघडलं, एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत ओरडली, “आई, कुणीतरी आलंय गं!”

“अगं, मी आहे!”

“आवाज बाबाचाच काढतायत.”

काकू हात पुसत बाहेर आल्या आणि थबकल्याच. मग हळूच जवळ येऊन म्हणाल्या, “अहो, तुम्हाला हनुवटी आहे! इतकी वर्षं संसार केला, कुणी बोललं नाही मला.”

“कशी आहे?”

“ठीक आहे. पण अशी एकदम दाखवायला नको होती.”

“बाबा, तू सोललेल्या अंड्यासारखा दिसतोस,” मुलगी म्हणाली. “पण छान अंडं हं. ताजं.”

संध्याकाळभर काकांचा हात हनुवटीकडे जायचा, तिथं कुणी नाही असं बघून खट्टू व्हायचा आणि दुसरं काहीतरी शोधायला निघायचा. त्यांनी दाराची बेल उघडली. रिमोटचे सेल काढून घातले आणि घातलेले काढले. काकूंनी वैतागून त्यांच्यापुढे लसणाचा एक गड्डा ठेवला, तर त्यांनी घरातला सगळाच लसूण सोलून टाकला.

“अहो, हे काय!”

“हात मोकळे राहवत नाहीत गं.”

दुसऱ्या दिवशी मास्कची परीक्षा म्हणजे नुसती गंमत झाली. मॅडमनी विचारलं, “कडू लागतंय का?” काका म्हणाले, “सुरू केलंत का?” पैकीच्या पैकी गुण! सेफ्टीवाल्या मॅडमनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि नवी दिसलेली हनुवटी बघून त्या जरा लाजल्यासुद्धा.

पण जावईबापूला या परीक्षेचं काही सोयरसुतक नव्हतं.

काका फ्लास्कवर ओणवे झाले. काही नाही. काचेच्या कांडीनं आतून खरवडून पाहिलं. काही नाही. बर्फात ठेवला, बर्फातून काढला, उजेडात धरून गोल गोल फिरवला, टिचक्या मारल्या, पुन्हा तापवला. तळाशी चिकट गोळा आळस देत पडून राहिला. फ्लास्कपाशी तोंडं लांब करून सगळे जमले. प्रत्येकाची नजर काकांच्या गालांवर होती. माणूस गेलेल्या घराकडे बघावं तशी.

“काका, जरा आणखी वाकून बघता?” एकजण भीतभीत म्हणाला.

“आणखी वाकलो तर आतच पडेन!”

तेवढ्यात कॉम्प्युटरवाला आला. हा बिचारा दिवसभर पडद्यावर रेणू काढायचा आणि सांगायला यायचा, “काका, हा नायट्रोजन फक्त इकडून इकडे सरकवायचाय.” पडद्यावर ते एका बोटाचं काम होतं. टेबलावर त्यापायी काकांचे महिने जायचे आणि केस पिकायचे. पण यालाही दाढी होती. चांगली दाट, काळीभोर.

“माझी घ्या ना,” तो मोठ्या मनानं म्हणाला.

“तुझ्या दाढीनं आयुष्यात कधी रसायन पाहिलंय का?”

“शाम्पू पाहिलाय.”

“काय चाललंय?” दारातून आवाज आला. पेशीवाल्या बाई! सगळे सरळ उभे राहिले. “दाढीचा शोक अजून संपला नाही वाटतं?”

“बाई, थट्टा नको,” काका म्हणाले. “परवा बैठक आहे.”

“थट्टा तुम्ही लावलीय! एवढी शिकलेली माणसं आणि म्हणे दाढीतून विरजण पडतं. कुणी पडताळून पाहिलंय? तुम्हा केमिस्ट लोकांना कंट्रोल म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? मी औषध दिलेल्या पेशींशेजारी औषध न दिलेल्या पेशी ठेवते. दोन्ही मेल्या तर औषधाचा गुण नव्हे, माझ्या हातचा गुण! तुम्ही कधी बिनदाढीचा फ्लास्क ठेवलात शेजारी?”

खरंच ठेवला नव्हता.

“मग होऊन जाऊ दे,” काका तावातावानं म्हणाले. म्हणाले खरे, पण हात हनुवटीकडे जाऊन रिकामाच परत आला. आज ना उद्या हा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं. तू की मी?

काकांनी स्वतः सॉल्व्हंट निवडलं, म्हणजे ज्यात रेणू विरघळवायचा तो द्रव. दोन द्रवांचं मिश्रण, थोडं याचं आणि थोडं त्याचं, अंदाजानं, जीभ बाहेर काढून. जावईबापू त्यात गरम करून विरघळवला आणि तीन फ्लास्कांत सारखा ओतला. एक काकांच्या गुळगुळीत चेहऱ्याखाली राहणार. दुसरा कॉम्प्युटरवाल्याच्या दाढीखाली. बाईंनी तिला नाव दिलं, कंट्रोलची दाढी. आणि तिसरा कुणाच्याच खाली नाही. तो बाईंनी टॉवेलात गुंडाळून, बाळ उचलावं तसा उचलला.

“हा माझ्या खोलीतल्या कपाटात. कुलपात. याला कुणी हात लावायचा नाही, झाकण काढायचं नाही, जवळ येऊन उसासासुद्धा टाकायचा नाही.”

“मी फक्त एकदा बघून—”

“काका!”

कंट्रोलची दाढी पहिल्या दिवशी मोठ्या निष्ठेनं ओणवी झाली. मग तिची मान अवघडली. मग ती कॅन्टीनमधून जाऊन आली. आणि मग एकदम ओरडा झाला, “आलं! काका, क्रिस्टल आलं!”

काका स्टूल पाडत धावले. खरंच, द्रावात एक कण तरंगत होता. काकांचं तोंड उतरलं. या शाम्पूच्या दाढीला जमलं! त्यांनी भिंग घेतलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“हे बिस्कीट आहे.”

“काय?”

“बिस्कीट! दाढीतून पडलंय. मघाशी काय खाल्लंस?”

“बिस्कीट,” कॉम्प्युटरवाला प्रामाणिकपणे म्हणाला.

ही बातमी सेफ्टीवाल्या मॅडमच्या कानावर जाऊ नये म्हणून अख्ख्या मजल्यानं एकी दाखवली. पण त्या कणाभोवती एकही सुई फुटली नाही. म्हणजे दाढी नापास. आणि काकांच्या फ्लास्कातही तोच चिकट गोळा. म्हणजे काका नापास. दोन्हीकडून काका हरले होते. गुरुवारी घरी ते ताटातल्या भाताचे नुसते ढीग करत आणि मोडत बसले.

“बाबा, काय झालं?” मुलीनं विचारलं.

“काही नाही. इतकी वर्षं लोक मला हाक मारायचे. ती हाक कुणाला होती, तेच कळेना झालंय.”

मुलगी एरवी पटकन काहीतरी बोलून मोकळी झाली असती. पण तिनं नुसती आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ सरकवली.

शुक्रवारी सकाळी बाईंच्या खोलीत सगळे जमले. बाईंनी किल्ली फिरवली. टॉवेल बाजूला केला.

आणि फ्लास्कच्या तळाशी स्फटिक! नाजूक सुया नाहीत, चांगले घसघशीत, कोनदार, काचेसारखे. एकावर एक रेलून बसले होते, जणू कुणी निवांत गप्पा मारतंय. जावईबापू आले, बसले, आणि कुणी आग्रह केला नाही म्हणूनच बसले!

सगळ्यांनी एकच गलका केला. कॉम्प्युटरवाल्यानं आनंदानं स्वतःचीच दाढी ओढली. काका मात्र हसता हसता थांबले. न दाढी, न काका. कुणाचीच गरज नव्हती तर. त्यांनी हातातल्या स्वतःच्या फ्लास्ककडे पाहिलं. तो ते खालून सोबतच घेऊन आले होते.

“पण एक कोडं आहे,” बाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. “तोच द्राव, तेच सॉल्व्हंट. मग तुमच्या फ्लास्कात का नाही? काका, मी तुमच्याशी बोलतेय.”

“ऐकतोय ना.”

“हात.”

“काय?”

“तुमचे हात काय करतायत बघा.”

काकांनी खाली पाहिलं. त्यांचे हात फ्लास्क तिरका करत होते, सरळ करत होते, फिरवत होते. मध्येच एक बोट काचेवर टिचकीही मारत होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

“तुम्ही परवापासून हेच करताय?” बाईंनी विचारलं.

“परवापासून अखंड,” मागून कुणीतरी म्हणालं, “काका पाच मिनिटंसुद्धा त्याला स्वस्थ बसू देत नाहीत, कंट्रोलच्या दाढीखालच्या फ्लास्कालाही नाही. जरा कुठं तो बसायला आला की उचलून हलवतात.”

“आणि दाढी होती तेव्हा?”

सगळे आठवू लागले. कॉम्प्युटरवाल्यानं स्टूलावर बसून काकांची नक्कल करून पाहिली. कोपरं टेबलावर. मान पुढे. आणि हात?

“दाढीत!” तो ओरडला. “दोन्ही हात दाढीत असायचे!”

मग पेशीवाल्या बाई, ज्या कधीही हसत नसत, खुर्चीवर बसल्या आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या.

“म्हणजे काका,” त्या कशाबशा म्हणाल्या, “दाढीतून काही पडत नव्हतं. दाढीनं तुमचे हात धरून ठेवले होते!”

काकांना आधी राग आला. मग ओशाळल्यासारखं झालं. आणि मग आतून काहीतरी सैल झालं. कारण आठवलं तसं ते खरंच होतं. ते डोळे वटारायचे, कुणाला फ्लास्कजवळ फिरकू द्यायचे नाहीत, आणि वाट बघायचे. इतरांना जे जमत नव्हतं ते एवढंच तर होतं. आणि तो द्राव? याचं थोडं आणि त्याचं थोडं, ते प्रमाण दाढीनं थोडंच ठरवलं होतं?

त्यांनी आपला फ्लास्क टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले.

तळमजल्यावर क्ष-किरणांचं यंत्र चालवणारीनं एक स्फटिक मुंगीच्या पावलानं सुईच्या टोकावर बसवला आणि दुपारच्या आत चित्र पाठवलं. एकूण एक अणू आपापल्या जागी. हातमोजा बरोबर हाताचा! बैठकीत ते चित्र पडद्यावर आलं तेव्हा शेजारच्या गटानंही टाळ्या वाजवल्या. जरा बारीक वाजवल्या, पण वाजवल्या.

डायरेक्टर साहेबांनी चष्मा पुसला. “जावईबापू पुढे जातील. मोठ्या फ्लास्कात बनवा. पण हे इतके दिवस जमत नव्हतं ना? मग पद्धतीत काय बदललं, काका? उद्या दुसऱ्या कुणाला करायचं झालं तर त्यालाही जमलं पाहिजे.”

सगळे काकांकडे बघू लागले. काय हवं ते सांगता आलं असतं. अनुभव म्हणता आलं असतं, साहेबांनी मानही डोलावली असती. काकांचा हात खिशातून सुटला, हनुवटीपर्यंत गेला, आणि त्यांनी तो परत खिशात घातला.

“सॉल्व्हंटचं मिश्रण माझं आहे,” ते म्हणाले. “ते फार चांगलं जमलंय, हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेना. बाकी एकच बदल केला, साहेब. मला बाहेर काढलं.”

हशा पिकला. साहेब हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “आणि मोठ्या बॅचचं काम कोण बघणार?”

“मीच,” काका म्हणाले. “मास्क पास आहे माझा.”

सोमवारी मोठा फ्लास्क आला, बादलीएवढा. काकांनी मास्क चढवला, जावईबापू विरघळवला, तापवला, झाकला आणि गार व्हायला कपाटात ठेवला. कुलूप लावलं. आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच जिना चढून किल्ली पेशीवाल्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“ही घ्या. मी मागितली तरी देऊ नका.”

“नाही देत.”

“कितीही विनवलं तरी.”

“काका, मला काम आहे.”

काका निघाले. अर्धा जिना उतरले. थांबले. पुन्हा वर आले आणि दारातून नुसतं डोकं आत घातलं.

“बाई, कपाट न उघडता, नुसतं बाहेरून कान लावून ऐकलं तर चालेल?”

बाईंनी किल्ली उचलून पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.